कल्पना नको, अडचण विचारा: देखभाल विभागांच्या प्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
देखभाल विभागांचे प्रमुख, प्लांट मॅनेजर आणि सुधारणा समित्यांवर नेमलेले सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या भिंतीवरचा तो फॉर्म मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. वर ठळक अक्षरांत ‘आपली कल्पना द्या’. खाली रकाने: सध्याची पद्धत, सुचवलेली पद्धत, अपेक्षित वार्षिक बचत, विभागप्रमुखांची सही. फिटर पहिला रकाना भरतो, दुसऱ्यात दोन ओळी लिहितो आणि तिसऱ्यापाशी अडतो. मशीनच्या गार्डचे (संरक्षक झाकणाचे) आठ बोल्ट काढण्याऐवजी दोनच काढावे लागले तर वर्षाला किती वाचतील, हे त्याला कुठून कळणार? तो हिशेब तुमच्याकडे असतो, त्याच्याकडे नसतो. मग तो कागद घडी करून खिशात घालतो आणि दुपारी त्यालाच हाताचं ग्रीस पुसतो. महिन्याच्या बैठकीत तुम्ही म्हणता, “आमची माणसं कामाला चांगली आहेत हो, पण त्यांच्याकडून कल्पनाच येत नाहीत.”

मी आधी फिटर होतो आणि नंतर बरीच वर्षं मेंटेनन्स प्लॅनर, म्हणजे देखभालीची कामं आखून देणारा. आधी हातात पाना, मग टेबलावर वर्क ऑर्डरचा, म्हणजे लेखी काम-आदेशांचा, गठ्ठा. दोन्हीकडून पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की तुमचा प्रश्नच चुकतो. कल्पना मागितली की माणूस गप्प बसतो. कल्पना म्हणजे काहीतरी हुशारीचं, नवं, साहेबांना सांगण्यासारखं, असं त्याला वाटतं. त्याच माणसाला ‘या कामात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?’ एवढंच विचारून पाहा. अर्धा तास तुम्हाला तोंड उघडायला मिळणार नाही.

एका कारखान्यात आमच्या एका ब्लोअरचं ड्राइव्हकडचं बेअरिंग सारखं जायचं. ग्रीसिंगच्या वेळापत्रकात दर महिन्याची नोंद होती, दर महिन्याची सही होती. आम्ही ग्रीस बदललं, बेअरिंगची कंपनी बदलली, पुरवठादाराचा इंजिनिअर बोलावला. त्याने रंगीत आलेखांचा अहवाल दिला. शेवटी एका हेल्परला मी सहज विचारलं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, ग्रीस भरायचं निपल गार्डच्या आत आहे. हातच पोचत नाही.” गार्ड काढायचा तर ब्लोअर बंद करावा लागे, ब्लोअर बंद करायला उत्पादन विभागाची परवानगी लागे, आणि ती कधी मिळत नसे. सही मात्र होत होती. उपाय काय, तर निपलपासून गार्डच्या बाहेरपर्यंत एक नळी. (ती बसवताना आधी आतून ग्रीसने भरून घ्यावी लागते, नाहीतर पंपाचे सुरुवातीचे झटके नळीतच राहतात आणि बेअरिंग उपाशीच. हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळलं. त्यानंतर उत्साहात कोणीतरी इतकं ग्रीस मारलं की बेअरिंग तापायला लागलं, तीही एक वेगळी गोष्ट आहे.)

त्या हेल्परने तुमचा फॉर्म जन्मात भरला नसता. त्याच्या दृष्टीने ती कल्पना नव्हतीच. तो रोजचा त्रास होता, आणि त्रासाची सवय होते. जुन्या माणसाला तो दिसेनासा होतो, ‘असंच असतं’ म्हणून तो पुढे जातो. म्हणून नव्याने आलेल्या पोराला पहिल्या महिन्यातच विचारा. सहा महिन्यांनी त्यालाही दिसणार नाही. कंत्राटी माणसांना विचारा, ते चार ठिकाणं पाहून आलेले असतात आणि त्यांना कोणी कधी विचारत नाही. आणि परवानगी घेऊन एखाद्या जुन्या फिटरची हत्यारांची पेटी पाहा. तिच्यात एखादा कापून छोटा केलेला पाना असेल, एखादा तापवून वाकवलेला, एखाद्या सळईला वेल्ड केलेला सॉकेट. ही हत्यारं दुकानात मिळत नाहीत. प्रत्येक वाकवलेल्या पान्यामागे एक मशीन आहे, जिथे बोल्टपर्यंत सरळ पोचता येत नाही. तुम्ही शोधताय त्या सुधारणांची यादी त्या पेटीत तयार पडलेली आहे.

अडचण किती क्षुल्लक दिसते आणि किती महागात पडते, याचं एक उदाहरण देखभालीच्या क्षेत्रात सगळ्यांनी वाचायला हवं. 10 जून 1990 रोजी इंग्लंडहून निघालेल्या एका प्रवासी विमानाची वैमानिकासमोरची काच 17,300 फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान उतरवलं, आणि विमानातले सगळेच्या सगळे 87 जण वाचले. काच आदल्याच दिवशीच्या रात्रपाळीत बदलली होती. 90 बोल्टांपैकी 84 व्यासाने बारीक होते, उरलेले सहा लांबीला कमी. बसवणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरला आणि नजरेने जुळवून तसेच बोल्ट शोधले. स्टोअरच्या माणसाने योग्य क्रमांक सांगितलाही होता. पण सुट्या भागांच्या कप्प्यांपाशी उजेड अपुरा होता. शिवाय काढलेले जुने बोल्टच मुळात एक नंबर आखूड होते. काचेशी उभं राहायचा प्लॅटफॉर्मही सोयीचा नव्हता. वाकून, हात ताणून काम करताना बोल्टची डोकी खाचेत नको तितकी खोल बसताहेत, हे डोळ्यांना दिसलं नाही.

यातलं काहीही ‘कल्पना’ या सदरात मोडत नाही. दिवा मंद आहे, प्लॅटफॉर्म पोचत नाही, कप्प्यांवरची चिठ्ठी वाचता येत नाही. तुमच्या समितीपुढे असा कागद आला असता तर ‘इलेक्ट्रिकलला कळवावे’ असा शेरा मारून पुढच्या विषयाकडे गेला असतात. मीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्याकडे आधीपासूनच असलेल्या कागदांकडे येतो. ब्रेकडाउनच्या नोंदी तुम्ही तासांनी लावता: सर्वांत जास्त वेळ कोण बंद होतं, पहिले दहा कोण. ते ठीकच आहे. पण एकदा त्याच नोंदी शब्दांनी चाळून पाहा. ‘रीसेट केलं’, ‘टाइट केलं’, ‘साफ केलं’, ‘ॲडजस्ट केलं’, ‘चेक केलं, ओके’. ही कामं पाच-दहा मिनिटांची असतात, म्हणून पहिल्या दहांत कधी येत नाहीत. एकाच कन्व्हेअरच्या सेन्सरपुढे एकाच आठवड्यात नऊ वेळा ‘साफ केलं’ आलं असेल, तर कोणीतरी नऊ वेळा हातातलं काम सोडून तिथे धावलं आहे. सेन्सर चार बोटं वर घेतला, किंवा त्यावर एक छोटं छप्पर केलं, की ते धावणं संपेल. तो धावणारा माणूस हे जाणतो. त्याला फक्त कोणी विचारलेलं नसतं, आणि ‘साफ केलं’ लिहिल्यावर त्याचं काम कागदावर पूर्ण झालेलं असतं.

टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताईची ओनो ‘पाच वेळा का?’ समजावताना अशाच एका नोंदीपासून सुरुवात करत. मशीन बंद पडलं, कारण लोड वाढून फ्यूज उडाला. लोड वाढला कारण बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं, वंगण नव्हतं कारण वंगणाचा पंप ओढत नव्हता, पंप ओढत नव्हता कारण त्याची शाफ्ट झिजली होती, आणि ती झिजली कारण पंपाच्या तोंडाशी गाळणी नव्हती, धातूचा चुरा आत जात होता. आपल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘फ्यूज बदलला. मशीन चालू.’ पाचव्या ‘का’पर्यंत जायला हुशारी फार लागत नाही. वेळ लागतो. आणि वेळ मिळत नाही, कारण मशीन चालू होताक्षणी उत्पादनवाले टाळ्या वाजवतात आणि फिटरला पुढच्या ब्रेकडाउनवर पळवलं जातं. पाचवा ‘का’ कोणाच्या नावावर आणि कोणत्या पाळीत बसवायचा, हे ठरवणं तुमच्या हातात आहे, त्याच्या नाही.

दुसरी जागा म्हणजे एक अख्खं काम. एखादी वर्क ऑर्डर निवडा, समजा पंपाचं मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी गळती थांबवणारा भाग) बदलणं, आणि सकाळपासून तिच्या मागे फिरा. घड्याळ घेऊन, पण माणसावर नजर ठेवायला नव्हे, कामावर ठेवायला; हा फरक आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी सगळं सरळ होईल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. काम सुरू करायच्या परमिटच्या सहीसाठी थांबणं. कोणी चुकून चालू करू नये म्हणून व्हॉल्व्ह आणि पॅनेल लॉक करायला इलेक्ट्रिशियन येईपर्यंत थांबणं. लाइन रिकामी होईपर्यंत थांबणं. चेन ब्लॉक दुसऱ्या कामावर अडकलेला. सील आलं तर गास्केट नाही, गास्केट आलं तर ते दुसऱ्या मापाचं. ड्रॉइंग जुनं, कारण मधल्या काळात पंपच बदलला. प्रत्यक्ष हात चालतात तो वेळ या सगळ्यात शोधावा लागतो. तुमच्या मासिक अहवालात हे सगळं ‘दुरुस्तीचा सरासरी वेळ’ या एका आकड्यात बसलेलं असतं. तो आकडा कमी करायचा म्हणून तुम्ही फिटरला घाई करायला सांगता. त्याचा हात तर एकूण वेळाच्या छोट्या तुकड्यातच चालतो. त्याने जीव तोडून तो तुकडा निम्मा केला तरी बाकीचं थांबणं तसंच राहतं.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी प्रेसचे साचे बदलण्याच्या कामात एक साधी विभागणी केली होती: मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं, आणि मशीन चालू असतानाही आधी उरकता येणारी कामं. 1969 मध्ये टोयोटात 1,000 टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. ते आधी दीड तासावर आले आणि मग तीन मिनिटांच्या आत. शटडाऊनच्या कामाला ही विभागणी जशीच्या तशी लागू पडते. सील, गास्केट, बोल्ट, हत्यारं, ड्रॉइंग एका ट्रेमध्ये आदल्या दिवशी लावून ठेवणं, मचाण आधी बांधणं, गंजलेल्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवणं. यात नवं काय आहे, असं तुमचा जुना फिटर म्हणेल. बरोबर आहे त्याचं. वीस वर्षं तो हेच सांगतोय.

आणि आता सगळ्यात नाजूक भाग. सुधारणा म्हटली की आपण काहीतरी वाढवतो: एक तपासणी, एक चेकलिस्ट, एक रजिस्टर. काढून टाकण्याची कल्पना कोणी देत नाही, कारण काढल्यावर काही मोडलं तर सही कोणाची, हा प्रश्न येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये विमानांची दर 50 उड्डाणतासांनी तपासणी होत असे. कॉनरॅड वॉडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदी मांडून पाहिल्या. तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि मग हळूहळू कमी होत, पुढच्या तपासणीपर्यंत. म्हणजे नीट चाललेलं उघडून पाहण्यातच काहीतरी बिघडत होतं. पुढे 1978 मध्ये स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी विमान देखभालीचा जो अहवाल लिहिला, त्यात तपासलेल्या भागांपैकी 89 टक्क्यांमध्ये ‘इतकं वय झालं की झिजून जाणार’ असा टप्पाच आढळला नाही. 68 टक्के भागांत बिघाडाचा धोका सगळ्यात जास्त होता तो बसवल्यानंतर लगेच. ते आकडे विमानाच्या भागांचे आहेत. तुमच्या क्रशरच्या लायनरला किंवा व्ही-बेल्टला ते लावू नका, ते झिजतातच. पण ठरल्या तारखेला चांगला गिअरबॉक्स उघडणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःलाच विचारावं की आपण काय पाहायला तो उघडतोय.

हे तुमच्या लोकांना माहीत असतं. पीएमच्या (ठरावीक काळाने होणाऱ्या प्रतिबंधक देखभालीच्या) चेकलिस्टमधल्या कोणत्या ओळीने आजवर एकही दोष पकडला नाही, हे त्यांना पाठ असतं. कोणत्या ओळीवर न बघता टिक केली जाते, हेही. ते तुम्हाला हवं असेल तर एक किंमत मोजावी लागेल: ज्या दिवशी कोणी म्हणेल, “ही ओळ मी पाच वर्षं न बघता भरतोय,” त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरची रेषा हलता कामा नये. तुम्ही त्याला कारणे दाखवा नोटीस दिलीत तर पुढची दहा वर्षं सगळ्या ओळींवर सुंदर टिक येतील. माझ्या डोळ्यांसमोर एकदा हेच झालं. एका प्रामाणिक पोराने सांगितलं की कपलिंगची (मोटर आणि मशीन जोडणाऱ्या भागाची) तपासणी चालू मशीनवर करायला लिहिलंय आणि गार्ड तर बंद, मग बघायचं कसं? साहेबांनी विचारलं, “म्हणजे इतके दिवस खोट्या सह्या केल्यास?” त्यानंतर त्या विभागात कोणी काही सांगितलं नाही. गार्डला जाळीची खिडकी लावली असती तर विषय मिटला असता.

सेन्सर, ॲप, डॅशबोर्ड यांच्या विरोधात मी नाही. बेअरिंगची कंपनं मोजली तर बिघाडाची चाहूल बराच आधी लागते, आणि तो वेळ सोन्यासारखा असतो. पण चुकीच्या अलाइनमेंटने, म्हणजे मोटरशी सरळ रेषेत न जुळवता, बसवलेल्या पंपावर सेन्सर लावलात तर तो पंप कधी मरणार एवढंच अचूक कळेल. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की गणिताने त्याचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. असा नको असलेला भार बसवतानाच टाळायचा असतो. आणि बसवण्याच्याही आधी स्टोअरमध्ये फेरी मारा. राखीव मोटर चालत्या कॉम्प्रेसरशेजारी महिनोन्‌महिने न फिरवता ठेवली असेल, तर थरथरीने तिची बेअरिंग जागच्या जागी खड्डे पडून खराब होत असतील. बेल्ट खिळ्यावर टांगले असतील तर तिथेच दबतात. हे भाग मशीनवर चढण्याआधीच म्हातारे झालेले असतात, आणि नोंद होते ‘स्पेअर निकृष्ट’.

जुगाडाबद्दल एक सावधगिरी. सगळ्या युक्त्या गोड मानू नका. पॅनेल उघडल्यावर लिमिट स्विचवर (हालचाल मर्यादेबाहेर गेली की मशीन थांबवणाऱ्या स्विचवर) मारलेला जम्पर, म्हणजे त्याला वगळणारी तार, दिसला तर तो काढा, आणि तो काढताना ओरडू नका. कोणीतरी तो मारला, कारण तो स्विच उगीचच ट्रिप होत होता आणि तक्रार करून कोणी आलं नव्हतं. जम्पर धोकादायक आहेच, पण त्याच्याखालची अडचण खरी आहे. दोन्हींचा निकाल लावा. आणि मूळ रचनेत केलेला कोणताही बदल, मग ती माझी ग्रीसची नळी का असेना, सुरक्षेच्या नजरेने तपासून आणि ड्रॉइंगवर चढवूनच करा. नाहीतर आजची सुधारणा उद्याच्या फिटरचं कोडं होते.

मग ऐकलेल्या अडचणींचं करायचं काय? इथे प्लॅनर म्हणून बोलतो. जे काम वर्क ऑर्डरवर नाही, ते होत नाही. सुधारणेलाही नंबर द्या, तास द्या, माणूस द्या, आणि आठवड्याच्या वेळापत्रकात त्याची जागा पक्की करा, जी ब्रेकडाउन आलं की सगळ्यात आधी कापली जाणार नाही. किरकोळ सामान आणायला सुपरवायझरच्या हातात थोडी रक्कम राहू द्या, चार सह्यांशिवाय. आणि उत्तर द्या. ‘हो, या तारखेला’ किंवा ‘नाही, या कारणामुळे’. नाही ऐकून माणूस दुखावत नाही. सांगून तीन महिने काहीच न झाल्याने दुखावतो, आणि मग एकट्याचा नव्हे, सगळ्या पाळीचा आवाज बंद होतो. बक्षिसांच्या बाबतीत माझं मत थोडं उलटं आहे: मोठं बक्षीस ठेवलं की कल्पना कोणाची यावरून भांडणं सुरू होतात आणि माणसं युक्ती बक्षिसाच्या तारखेपर्यंत दाबून ठेवतात. त्यापेक्षा ज्याची अडचण होती त्याच्याच हाताने ती दुरुस्त होऊ द्या, आणि दुसऱ्या पाळीला ती कशी चालते हे त्यालाच दाखवू द्या.

मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला विसरू नका. आवाज बदलला हे त्याला तुमच्या कोणत्याही उपकरणाआधी कळतं. पण ते सांगितल्यावर ‘तू मशीन चालव, बाकी आमच्यावर सोड’ असं उत्तर आपल्याच विभागाने दिलेलं असतं. मीही दिलेलं आहे, एकदा नव्हे.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर या आठवड्यात एकदा रात्री दोनच्या सुमारास, न कळवता आणि कोणाला पकडण्याचा हेतू न ठेवता, स्टोअरमध्ये जा. शेवटच्या रांगेतल्या खालच्या कप्प्यातून एखादा बोल्ट उचला आणि तिथल्याच उजेडात चष्म्याशिवाय त्याच्यावरचा नंबर वाचून पाहा. वाचता आला नाही तर दिव्याची वर्क ऑर्डर स्वतःच्या नावाने काढा.

आपला,
एक जुना मेंटेनन्स प्लॅनर